तर्रीखालची उकळी

महाराष्ट्र नवा होता आणि मीही नवा मास्तर होतो. दोघांचीही ऐट काही विचारू नका. पिंपळगाव राजाच्या शाळेत मी शास्त्र शिकवायचो. बुलढाण्याहून आणलेल्या एका पुस्तकातून मी वर्गाला सांगितलं, की सूर्याहून कितीतरी मोठ्या ताऱ्यांचं फक्त पोट उकळतं, वरचा जाड थर स्थिर असतो. त्यामुळे आतली खळबळ वर पोचतच नाही. हे शेवटचं पुस्तकात नव्हतं, माझ्या पदरचं होतं.

एक पोरगी उभी राहिली. तिची आई लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करायची आणि ही चुलीतला जाळ सांभाळायची. म्हणाली, "गुरुजी, भाजी खाली उकळते, तेलाची तर्री वर जागच्या जागी राह्यते. पण थरथरते ना ते! खालून लाटा लागतेत तिले. ताऱ्याचं बी तसंच असन."

माझ्या पदरच्या वाक्यालाच तिनं भर वर्गात हात घातला, याचा मला राग आला. म्हणून मी म्हणालो, "तारा म्हंजे काय तुह्या मायची भाजी हाये?" वर्ग खो-खो हसला. ती खाली बसली.

त्याच आठवड्यात बाजारात तिचे वडील भेटले. हात जोडून म्हणाले, "गुरुजी, पोरीले डोकं असन तं मॅट्रिक करू देतो. नाही तं औंदा लगन उरकून टाकतो. तुमी म्हणसान तसं."

माझा राग निवला नव्हता. "डोकं हाये, पण चुलीतच हाये," असं बोलून मी वर स्वतःच हसलो. उन्हाळ्यात तिला रोहिणखेडला दिली. त्या पंगतीत मी मिटक्या मारत जेवलो, हे आठवलं की आजही लाज वाटते.

म्हातारपणी वाचनात आलं, की मोठ्या ताऱ्यांचा पृष्ठभाग खरंच थरथरतो. पोटातल्या उकळीच्या लाटा स्थिर थरातून वर येत असाव्यात, असं आता जाणकार म्हणतात. दुसऱ्या सकाळी एसटी धरून रोहिणखेड गाठलं.

ती चुलीपुढेच होती, केस पांढरे झालेले. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "बाई, तुह्यं बरोबर होतं. मी चुकलो."

तिनं बसायला पाट दिला, पाणी दिलं.

"मले तं तवाच ठाऊक होतं, गुरुजी," ती म्हणाली. "बाबाले ठाऊक नव्हतं. म्हणून तं त्यायनं तुमाले इचारलं."