कॉलरीचं टोक आणि चौथं गाणं

शर्टाच्या कॉलरीला टोक काढण्यात मावशींचा हात धरणारं कारखान्यात कोणी नव्हतं. टोकाशी मशीन नेमकं थांबवायचं, सुई कापडातच ठेवून कापड वळवायचं. एक टाका जास्त पडला की टोकाची वाट लागली. तीस वर्षं मावशींनी हेच केलं, आणि तेही कसल्या गाण्यांवर, तर हिप-हॉपच्या!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारखाना सांभाळणाऱ्या मास्तरांनी कुठूनशी एक कॅसेट पैदा केली होती. त्या दोन-तीन वर्षांतली गाजलेली बारा गाणी. गाणारे भांडतायत की लाडात आलेत, हे कोणाच्या बापाला कळत नव्हतं. पण ठेका मशीनला असा बसला, की एका गाण्यात चार कॉलरी हातावेगळ्या व्हायच्या.

गेल्या वर्षी मावशींना अर्धांगाचा झटका आला. बाकी सगळं सावरलं, उजवा पाय मात्र ऐकेना. पॅडलवर ठेवला की वेळेवर उचलायचं नाव नाही. सोमवारपासून त्यांना धागे कापायच्या टेबलावर बसवायचं ठरत आलं होतं. मावशींनी ते जिवाला लावून घेतलं.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मास्तर त्याच गाण्यांची सीडी घेऊन आले.

"बसा मावशी. एकदा बघू."

तीन गाण्यांत तीन कॉलरी बिघडल्या.

"राहू द्या मास्तर, कापड फुकट जातंय."

"जाऊ द्या की! तुमच्या माहेरचं आहे का?"

चौथं गाणं निम्म्यावर आलं आणि मशीन खटकन थांबलं. मावशी ड्रॉवरमध्ये पेन्सिल शोधू लागल्या, मास्तर प्लेअरकडे धावले. जुन्या कॅसेटचं रीळ नेमकं याच जागी गुंतायचं आणि पेन्सिल घालून फिरवावं लागायचं. सीडीवरचं गाणं आपलं बिनधास्त चालू होतं. दोघं आधी खजील झाले, मग पोट धरून हसले.

मास्तरांचं हसू मध्येच थांबलं.

"मावशी, मशीन कोणी थांबवलं?"

मावशींनी खाली पाहिलं. पाय पॅडलवरून उचललेला होता.

पुढच्या दोन कॉलरी पुन्हा बिघडल्या. तिसरीचं टोक मास्तरांनी उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "सोमवारी मशीनवरच."

मावशींच्या डोळ्यांना धारा लागल्या. "फार उपकार झाले, मास्तर."

"माझे कसले? त्या गाणाऱ्यांचे माना."

"त्यांचं भलं होवो," मावशी पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "मेल्यांचा एक शब्द कधी कळला नाही, पण माझा पाय मला परत दिला त्यांनी."