अंबाडीच्या कृतीचा कागद

नाताळला आठ दिवस असताना आमच्या चुलीवर अंबाडीचा पाला मंद आचेवर रटरटत होता आणि धुरावर वाळवलेल्या मटणाच्या पट्ट्या त्यात सावकाश मऊ पडत होत्या. लग्नानंतरचा पहिला नाताळ सासरी करणाऱ्या आमच्या लेकीने, रोझीने ही कृती लेखी मागविली होती, कारण आई फोनवर दर खेपेस निराळेच सांगते. तहसील कचेरीसमोर वीस वर्षे अर्ज लिहिणारा मनुष्य घरातच असल्याने हे काम अर्थातच मजकडे आले.

"किती वेळ शिजवावे?" मी पत्नीस विचारले.

"वास बदलेपर्यंत."

"अगं, वेळ सांग. मिनिटे!"

"अहो, पाला काय तुमच्या तहसीलदाराचा शिपाई आहे, हुकमानं शिजायला?"

"बरे, मीठ?"

"मटण खारवलेलंच असतं. शेवटी चाखायचं, मग ठरवायचं."

अर्जात मुदत स्पष्ट घालावी लागते, कारण तो वाचणारा परका असतो. हा कागद वाचणारी तर याच चुलीपाशी वाढलेली. पाला काळसर होत गेला, आंबट वाफेत धुराचा वास मिसळला, तसे मीही निमूटपणे लिहिले, 'वास बदलेपर्यंत'.

"पण कोणता वास, हे पोरीला कसं कळायचं?" हिचा आवाज एकाएकी बारीक झाला.

मी कागद पुढे केला. "लिहून देणाऱ्याचा अंगठा, येथे."

"मला सही येते हो!"

"ठाऊक आहे. तरीही अंगठाच. आणि आधी रश्श्यात बुडव."