छायाबाईंनी भरवलेली सभा

रागीट बाई म्हणूनच छायाबाई गावात माहीत होती. भिवपुरीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला तिचं सासर. नवरा राजेश खोपोलीच्या कारखान्यात कामाला. घरची भातशेती ती आणि धाकटा दीर मनोज बघायचे. शेतावरून येता येता कुणाशी तरी वाजल्याशिवाय तिचा दिवस जात नसे. पण तिचा खरा राग गावानं पाहिला तो ग्रामसभेत.

तेव्हा सरपंच होते पोपटशेठ. ग्रामसभा ते ऐन लावणीत ठेवायचे, तीही भर दुपारी. शंभर माणसं असल्याशिवाय सभा चालत नाही, आणि भाताची रोपं, आवण, सोडून कोण येणार? मग गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. तहकूब सभा पुन्हा भरली की तिला माणसांची अट नसते. त्या दिवशी पोपटशेठची माणसं तेवढी आधीपासून खुर्च्यांवर बसलेली असायची. हात वर, ठराव मंजूर, चहा.

एकदा छायाबाई चिखलाच्या पायांनी तशीच सभेत आली. खालच्या आळीत दिव्याचा एक खांब नव्हता, तेवढंच विचारायचं होतं.

"ठराव झाले बाई," पोपटशेठ म्हणाले. "तुमी उशिरा आलात."

तिनं टेबलावर अशी थाप मारली की कपातला चहा कागदांवर सांडला. "सभा गावाची हाय का तुमच्या पडवीतली?"

लोक हसले. ती हसली नाही. पुढच्या निवडणुकीत मनोज सरपंचपदाला उभा राहिला आणि ती सदस्य म्हणून. उन्हातान्हात ती घरोघर फिरली. "आमची सभा सगळ्यांची असंल," असं प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं. दोघंही निवडून आले. वरची ठाकरांची वाडी तेवढी पोपटशेठच्या बाजूनं राहिली.

मग पाण्याची टाकी मंजूर झाली, एकच. खालच्या आळीला ती हवी होती, वाडीलाही हवी होती. दोन्हीकडच्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन सारख्याच वणवण करत होत्या. जागा ग्रामसभेत ठरायची होती, एक मेच्या.

सभेच्या आदल्या दिवशी मनोज ओट्यावर चहा पीत बसला होता. खुशीत होता. म्हणाला, "वहिनी, उद्या आपल्या आळीत सांगा, सभेला कुणी येऊ नका."

"का?"

"माणसं कमी भरली की तहकूब करतो. पुढची सभा बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवायची. वाडीच्या बाया तेव्हा करवंदं घेऊन कर्जतला गेलेल्या असतात. तेव्हा आपली माणसं बसवू. टाकी आपल्या दारात."

छायाबाईच्या हातात पिठाची परात होती. ती तिनं खाली ठेवली. "हे तर पोपटशेठ करायचे."

"मग? त्यांनी पाच वर्षं केलं. आता आपली पाळी हाय."

"आपली पाळी म्हणून मी पायाची साल काढली का रं?" एरवी दिराला तुमी म्हणणारी ती ओरडली. "दारोदार काय सांगत फिरले मी? लोकांच्या तोंडावर खोटं बोलले का?"

"पाणी तुमालाच मिळणार हाय ना!"

"पाणी पायजे मला. असं नको."

सासू इंदूबाई आतून म्हणाली, "घरातलं घरात ठेव गं." पण छायाबाईनं पायात चपला सरकवल्या आणि चढ धरला.

वाडीत चिमा अंगणात करवंदं निवडत होती. वाडीतलं सगळ्यात जुनं माणूस. छायाबाईला पाहून तिनं मान वर केली, बस म्हणाली नाही.

"उद्या सभेला या," छायाबाई म्हणाली. "सगळी वाडी घेऊन या. करवंदं एक दिवस राहू द्या."

"तू सांगतंस? तूच ना गं, आमची मतं त्या शेठला गेली म्हणून शिव्या घालत हुतीस?"

"मीच. अजून घालते. आणि उद्या हात मी माझ्या आळीसाठीच वर करणार, तुमच्यासाठी नाय. पण तुमी नसताना तुमच्या पाण्याचं ठरवलं, तर मी आणि तो पोपटशेठ सारखेच."

चिमानं करवंदांची पाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "येतो."

दुसऱ्या दिवशी वाडी खाली उतरली. म्हातारी माणसं आली, कडेवर पोरं घेऊन बाया आल्या. ते कळताच पोपटशेठचे लोकही धावले. समाजमंदिराच्या पायऱ्यासुद्धा भरल्या. मनोजनं एक नजर टाकली आणि घाईनं म्हणाला, "माणसं कमी हायत. सभा तहकूब."

"मोजा," छायाबाई उभी राहिली.

"वहिनी, खाली बसा."

"नाय बसत. तोंडानं काय सांगतोस? ग्रामसेवक, मोजा सगळी!"

मोजणी झाली. गणपूर्ती होऊन वर माणसं उरत होती. मनोजचं तोंड काळवंडलं, पण सभा चालू करावी लागली.

चिमाला बोलायला उभं केलं. ती म्हणाली, "ओढ्यात खणलेल्या डवऱ्याच्या तळाशी बसून आमी वाटीनं पाणी भरतू. मत द्यायला या म्हणता तवा गाडी धाडता. बोलायला या म्हणून आजवर कोणी आला नाय."

छायाबाईनंही आपल्या आळीची बाजू मांडली, अगदी भांडून मांडली. शेवटी हात वर झाले. खालच्या आळीसाठी तिचा हात सगळ्यात उंच होता, पण हात थोडे होते. मनोजनं येऊ नका सांगितलेली आपलीच माणसं घरात झोपली होती. टाकी वाडीला गेली.

"घरात वैरीण पाळली," मनोज त्या संध्याकाळी म्हणाला.

"तुमच्या माणसांना घरात कुणी बसवलं?" तिनं विचारलं. त्यानंतर त्यांचं बोलणं बंदच झालं. राजेश दोघांच्या मध्ये बसून जेवायचा. पुढच्या वेळी तिला पॅनेलमध्ये घ्यायचं नाही, असं पारावर उघड ठरलं.

आठवड्यात नाक्यावर पोपटशेठनं बॅनर लावला. मध्ये छायाबाईचा फोटो, वर 'लोकशाहीची रणरागिणी', कोपऱ्यात हात जोडलेले पोपटशेठ स्वतः. ती कोयता घेऊन गेली. दोऱ्या कापल्या, बॅनर गोळा केला आणि त्यांच्या ओट्यावर नेऊन टाकला.

"अहो, तुमचा मान केला," पोपटशेठ म्हणाले.

"मी लावणी सोडून आले तवा कुठं होता हा मान? उद्या तुमी सरपंच झालात की परत तेच करणार. तवा मी परत तुमच्या टेबलावर चहा सांडणार हाय."

पोपटशेठ हसायला गेले. तिचा चेहरा पाहून बॅनर उचलून आत गेले.

पावसाळा सरल्यावर वाडीत टाकीचे खांब उभे राहिले. खालच्या आळीतून ते दिसतात, आणि दिसले की अजूनही छायाबाईचं डोकं तापतं. टाकी तिलाही हवी होतीच.

मागच्या उन्हाळ्यात विहिरीवर शेजारची सुरभी तिला बोलली, "तुझ्यापायी पाणी गेलं आमचं."

"तू का नाय आलीस सभेला?"

"मनोजभावजींनी नको सांगितलं."

"मग जा, त्यांच्याकडं माग पाणी!"

विहिरीवरच्या बाया दोरी ओढायच्या थांबल्या. तिचा हंडा डोक्यावर चढवायला कुणी हात लावला नाही. छायाबाईनं गुडघ्याचा टेकू देऊन तो एकटीनंच उचलला आणि निघाली. अर्धं पाणी पाठीवर सांडलं.