मर्यादेला टेकलेला पोर्ट
पिकल्या सीताफळाचा वास आला की मला धारूरमधली एक दुपार आठवते. तिथं मी इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात कामाला होतो. स्विचच्या एकेका पोर्टवरून एकेका घराला लाईन गेलेली, आणि कुणाचा वापर ठरलेल्या मर्यादेला टेकतोय, हे मी स्क्रीनवर बघायचो. एक पोर्ट रोज दुपारभर मर्यादेला चिकटलेला असायचा. “गल्लीला लाईन वाटली असंल. तसं असंल तर तोडून ये,” मालक म्हणाले. ते घर एका फळवाल्या चाचींचं निघालं. ओसरीत सीताफळं निवडत बसलेल्या चाचींनी मला बघताच ओठांवर बोट ठेवलं. “आस्ते बोला भाऊ, नातू आत्ताच झोपलाय.” टोपलीला टेकवलेल्या मोबाईलवर कुवेतमधल्या त्यांच्या लेकीचं तान्हं बाळ दिसत होतं. बाळंतपणाला चाचींना जाता आलं नव्हतं. चित्र मात्र सारखं अडकत होतं. मी अंगणात येऊन मालकांना फोन लावला आणि मर्यादा वाढवायला सांगितली. “कावून बे?” मी कारण सांगितलं. ते म्हणाले, “वाढवतो. पण तू कावून हळू बोलायलास?” आज पुण्यात माझ्यासमोर शेकडो पोर्ट असतात. एखादा असाच दुपारभर मर्यादेला टेकला, की मी आधी फोन करून विचारतो, घरी कोण आलंय?