खुर्चीतून उठण्याची तालीम

फेलिश्मिनाची आणि त्या खुर्चीची पहिली भेट झाली, तेव्हा खुर्चीनं तिला गिळलं. आधी कंबर गेली, मग पोट, आणि शेवटी वर उरले दोन बूट आणि एक झाडू. तळघरात पुरलेल्या मौनव्रती साधूंनीसुद्धा त्या दिवशी कूस बदलली, असं ती शपथेवर सांगायची. तिला उपसून काढायला दोन वेटर, एक आचारी आणि हनिमूनला आलेलं एक जोडपं लागलं.

पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातल्या त्या जुन्या मठाचं हॉटेल झालं होतं आणि साधूंच्या भोजनगृहात लिस्बनच्या डिझायनरनं आपल्या खुर्च्या मांडल्या होत्या. पांढऱ्या, गुळगुळीत, खोलगट, धरायला हात नाहीत, आणि जमिनीपासून जेमतेम दीड वीत. टेबलंही तशीच बसकी.

फेलिश्मिना तिथं झाडलोट करायची आणि चादरी धुवायची. तिनं खुर्चीला माफही केलं असतं, पण संत ब्राझचा सण तोंडावर आला होता. मठ विकताना गावानं एकच अट घातली होती: सणाच्या दुपारी सगळं गाव याच भोजनगृहात बसून मटणाचा रस्सा जेवणार. एक वर्ष खंड पडला की अट संपली. गावात उरले होते ते बहुतेक सत्तरीपुढचे, आणि जेवण झाल्यावरची प्रार्थना सगळ्यांनी उभ्यानं म्हटल्याशिवाय ते जेवण झालं असं धरत नाहीत.

"आम्ही घरून खुर्च्या आणतो," ती मॅनेजर लोरेंसूला म्हणाली.

"बाहेरची खुर्ची आत येणार नाही, मावशी. दालनाची शोभा जाते." मग आवाजात मध घालून तो म्हणाला, "यंदा राहू द्या ना. म्हाताऱ्या माणसांना कशाला त्रास?"

"त्रास त्यांना नाही होणार, तुला होईल," फेलिश्मिना म्हणाली. आपल्या हयातीत हे जेवण बंद पडलं तर वर गेल्यावर आईला काय तोंड दाखवायचं, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न होता.

तिनं अंगणात कपडे धुवायची पत्र्याची घमेली पालथी घातली, त्यांवर म्हातारे बसवले आणि तालीम सुरू केली.

"पाय मागे. नाक गुडघ्यांच्या पुढे. आता डिझायनरला एक शिवी, आणि वर!"

"शिवी आधी द्यायची की उठताना?" जासिंतूकाकांनी विचारलं.

"उठताना. आधी दम घालवू नका."

"हा लग्नाची मागणी घालतानासुद्धा गुडघ्यावर बसला नव्हता," शेजारच्या घमेल्यावरची त्यांची बायको कुश्तोदिया म्हणाली.

"बसलो असतो तर अजून तिथंच असतो," काका म्हणाले आणि घमेल्यासकट कलंडले. फेलिश्मिनानं त्यांना पुन्हा बसवलं. पाऊस आला तेव्हा तिनं घमेली गोठ्यात नेली, पण तालीम चुकवली नाही.

सणाच्या दुपारी लोरेंसू हाताची घडी घालून दारात उभा राहिला. जेवण उरकलं. पाद्रीबाबांनी प्रार्थनेसाठी हात वर केले. सगळी नाकं पुढे झुकली, दालनभर एक दबकी शिवी घुमली आणि गाव उठलं. पाद्रीबाबांनी ती ऐकली नाही असं ठरवलं. एकटे जासिंतूकाका अर्ध्यात लोंबकळत राहिले.

"नाक, काका," फेलिश्मिना दात आवळून म्हणाली.

काका उठले. प्रार्थना होताच रश्श्याची दुसरी वाटी मागून पुन्हा बसलेसुद्धा. लोरेंसूनं ती स्वतः आणून दिली.

अट टिकली. दोन वर्षांनी हॉटेल तोट्यात गेलं आणि मठाला कुलूप लागलं. आता संत ब्राझचं जेवण फुटबॉल क्लबच्या शेडमध्ये होतं. तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत.