चिमटीतलं तेल

गॅरेजच्या दारावर पाटी होती, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. "गाडी चिमटीकाकांकडे टाक," एवढं म्हटलं की पुरे. काका बत्तीस वर्षं मोटरसायकली दुरुस्त करत होते. गाडी कुणाचीही असो, आधी इंजिनातल्या तेलाचा एक थेंब ते चिमटीत धरून चोळत, नाकाशी नेत, डोळे मिटत आणि मग निकाल देत. "अजून पाचशे किलोमीटर आरामात." किंवा, "अहो, हे तेल आहे की डांबर?" निकालावर अपील नसे.

थोरली लेक दोन वर्षं एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काम शिकून आली आणि वडिलांच्या शेजारी पाना घेऊन बसू लागली. इथवर सगळं छान होतं. पण आठवड्याभरात तिने विषय काढला.

"बाबा, आपलं साधं ऑइल सकाळच्या गारठ्यात घट्ट होतं आणि चढावर तापलं की पातळ पडतं. सिंथेटिक दोन्ही वेळा टिकतं."

"तेल ते तेल. तुझ्या त्या बाटलीतल्या तेलाला काय शिंगं फुटलीत?"

"वापरून तर बघा!"

"बत्तीस वर्षं ही बोटं काय हवा चोळत होती?"

आतून काकू म्हणाल्या, "तिच्याशी भांडून झालं असेल तर चहा गार होतोय." काका चहा प्यायला उठले. वाद तिथेच लोंबकळत राहिला.

मग एके दिवशी नर्सबाई आल्या. टेकडीवरच्या वस्तीत घरोघरी जाऊन बाळंतिणींची आणि म्हाताऱ्यांची तपासणी करायची, हे त्यांचं रोजचं काम. अठरा वर्षांत त्यांच्या तीन गाड्या झाल्या, पण काकांशिवाय कुणाचा हात त्यांनी एकीलाही लागू दिला नव्हता.

"काका, आज सकाळी अकरा किका मारल्या. मोजल्यात मी," त्या म्हणाल्या. "वर बाई कळा देत होती आणि मी खाली नाचत होते. पुन्हा असं झालं, तर मी समोरच्या काचवाल्यांकडे जाणार. राग मानू नका." गाडी तिथेच ठेवून त्या गेल्या.

काचवाले म्हणजे रस्त्यापलीकडचं नवं सर्व्हिस सेंटर. तिथली फरशी इतकी चकचकीत, की काकांना तिचाच राग यायचा. त्या दिवशी जेवण त्यांनी अर्ध्यावरच सोडलं.

दुपारी "जरा जाऊन येतो" म्हणून ते निघाले. नेहमीच्या दुकानातून सिंथेटिक घेतलं असतं, तर संध्याकाळच्या आत लेकीला कळलं असतं. म्हणून त्यांनी गावाच्या पार दुसऱ्या टोकाचं, मोटारींचे सुटे भाग विकणारं दुकान गाठलं.

"सगळ्यात भारी सिंथेटिक द्या."

"गाडी कोणती?" दुकानदाराने विचारलं.

"गाडीशी तुम्हाला काय करायचंय? द्या बाटली."

बाटलीवरचं वाचायला चष्मा लागला असता. तो घरी होता, आणि चिमटी सोबत होती. त्यांनी थेंब चोळला. अहाहा, लोण्यासारखं! लेक जेवायला गेल्याची संधी साधून त्यांनी नर्सबाईंच्या गाडीतलं जुनं तेल काढून हे ओतलं आणि रिकामी बाटली चिंध्यांच्या डब्यात तळाशी कोंबली. दुसऱ्या दिवशी गाडी एका किकमध्ये सुरू झाली.

"काय जादू केलीत?" नर्सबाई खूश.

"नेहमीचंच," काका म्हणाले. लेकीने भुवई उंचावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास नर्सबाई गाडी ढकलत चढावरून खाली आल्या. चेहरा लालबुंद.

"इंजिन बोंबलतंय आणि चाक जागचं हलत नाही! औषधांची पिशवी खांद्यावर मारून अर्धा चढ मी पायी गेले आणि आले."

लेकीने गाडी फिरवून पाहिली. "क्लच घसरतोय. बाबा, ऑइल कोणतं घातलंत?"

काकांनी चिंध्यांच्या डब्याकडे पाहिलं, आणि तिथेच फसले. लेकीने डब्यात हात घालून बाटली बाहेर काढली. बाटलीवर ठसठशीत चित्र होतं: चार चाकं, चार दारं.

"हे मोटारीचं आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "आपल्या गाडीत क्लच त्याच तेलात बुडलेला असतो. मोटारीचं तेल त्याला सोसत नाही. क्लचच्या प्लेटा एकमेकींना धरेचनात."

नर्सबाई दोघांकडे पाहत होत्या. 'प्लेटा जुन्या झाल्या होत्या' असं म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं. लेक तोंड उघडणार नव्हती, हेही काकांना ठाऊक होतं. त्यांनी हात पुसले. मग पुन्हा पुसले.

"बाई, चूक माझी. हिचं ऐकायचं होतं, पण हिला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून चोरून आणलं, आणि नेमकं चुकीचं आणलं."

"म्हणजे माझ्या गाडीवर तुमच्या घरातलं भांडण चाललं होतं?"

"हो."

नर्सबाईंनी पलीकडच्या काचांकडे पाहिलं. मग पाटावर बसकण मारली. "दुपारी अडीचला मला वर पोचायचंय."

बापलेक कामाला लागले. सगळं तेल काढलं, नव्या प्लेटा योग्य तेलात भिजवून बसवल्या. लेकीने मोटरसायकलचं सिंथेटिक आणलं. काकांनी आतून चष्मा मागवला आणि बाटलीवरचं अक्षर न् अक्षर शाळेतल्या पोरासारखं मोठ्याने वाचलं. शेवटी एक थेंब चिमटीत चोळून पाहिलाच.

"काय म्हणतात बोटं?" लेकीने विचारलं.

"बोटं म्हणतात, हेही त्या मोटारीच्या तेलासारखंच लागतंय," काकांनी कबूल केलं. "दूधवाल्याच्या म्हाताऱ्या गाडीत मात्र साधंच घालायचं. ती आधीच प्रत्येक सांध्यातून गळते."

"त्याला माझी कुठे ना आहे?"

दोन वाजता नर्सबाईंनी किक मारली. एकच. "वर पोचले तर तीनदा हॉर्न वाजवीन. नाही वाजला, तर समजून जा."

आवाज चढावर लहान लहान होत गेला. काकू हात पुसत बाहेर आल्या. तिघेही मान वर करून उभे राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग एक हॉर्न. लगेच दुसरा. आणि मग शांतता.

"तिसरा?" काका कासावीस झाले.

"मुद्दाम करतायत त्या," लेक म्हणाली.

पूर्ण एक मिनिट गेलं, आणि मग तिसरा हॉर्न वाजला, पहिल्या दोन्हींपेक्षा लांबलचक.