मऊ तळाच्या चपला

उंचीमुळे त्याला सगळे शिडी म्हणत. अग्निशमन केंद्रात तो सव्वीस वर्षं बंबावर होता आणि उरलेली नोकरीही बंबावरच काढायची, एवढंच त्याचं मागणं होतं. आड येत होती ती टाच.

खात्याचा नियम सरळ होता. पंचेचाळिशीनंतर दरवर्षी अडीच किलोमीटर तेरा मिनिटांत पळून दाखवायचं. चुकलं तर सहा महिन्यांनी आणखी एक संधी. तीही हुकली की बंबावरून उतरायचं आणि निवृत्तीपर्यंत कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायचे. शिडीला यंदा चौदा मिनिटं लागली. शेवटचा फेरा तर तो लंगडतच पुरा करू शकला. केंद्रप्रमुख त्याच्याच तुकडीत भरती झालेला, जुना सोबती. तो म्हणाला, "शिड्या, बस की आता फोनवर. डोक्यावर पंखा, हातात चहा."

"माझे पाय मावतील असं टेबल आधी बनवून घे," शिडी म्हणाला.

खरं कारण वेगळं होतं. पूर्वी एकदा बदली म्हणून तो आठवडाभर फोनवर बसला होता. पलीकडून एक बाई पत्ता सांगता सांगता गप्प झाली. बंब निघाला होता, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो रिसीव्हर कानाला लावून नुसता ऐकत राहिला. ते काम आपल्याच्यानं होणार नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं.

पायाचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी टाच दाबून पाहिली आणि विचारलं, "घरात कसे चालता?"

"कसा म्हणजे? पायांनी."

"उघड्या?"

"घरात बूट घालून कोण फिरतं?"

"तिथंच घोळ आहे," त्या म्हणाल्या. पळायचं एक दिवसाआड. मधल्या वेळात कडक फरशीवर उघडं पाऊल टाकायचं नाही. जाड, मऊ तळाच्या चपला मिळतात, त्या पलंगावरून उतरल्याक्षणी पायात हव्यात. "पण घरापुरत्याच. जिना उतरायचा नाही, ओल्यात जायचं नाही. तळ फार गुळगुळीत असतो."

मुलीने आपल्या पहिल्या पगारातून त्या आणल्या. राखाडी, फुगीर, पुढून किंचित वर उचललेल्या. बायको पाहतच राहिली. "अहो, पावावर उभे आहात की काय? वीस वर्षं मी या घरात कुणाला चपलेनं आत येऊ दिलं नाही."

"आई, ते औषध आहे असं समज," मुलगी म्हणाली.

"औषध चमच्यानं घेतात," बायको म्हणाली. पण दर शनिवारी त्या चपलांचे तळ ती स्वतःच घासून धुवायची.

सकाळचं पहिलं पाऊल खिळ्यावर पडल्यासारखं पडायचं. महिन्याभरात खिळ्याचा खडा झाला. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी दात घासताना त्याच्या ध्यानात आलं, की आज टाचेची आठवणच झाली नाही. केंद्रातली एक सवय मात्र तो नकळत घरी घेऊन आला होता. बंबावरच्या माणसाचे बूट पलंगाशी ठरल्या जागी उभे असतात, टाचा पलंगाकडे, चवडे दाराकडे. आगीची वर्दी आली की खाली बघायचं नसतं. पाय आपोआप आत जातात आणि माणूस पळत सुटतो. चपलाही तो तशाच ठेवायचा.

परीक्षेला नऊ दिवस होते. त्या रविवारी सकाळी मुलीने घड्याळ लावलं. बारा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद. "बाबा, तू पास," ती म्हणाली. त्याने जेवताना दोनदा पुन्हा वाढून घेतलं आणि दुपारी तो जरा आडवा झाला.

तीनच्या सुमाराला दारावर थापा पडल्या. खालची बाई ओरडत होती, "दुसऱ्या मजल्यावर धूर येतोय. घड्याळजींच्या घरातून."

घड्याळजी म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे एकटे म्हातारे गृहस्थ. शिडीचं घर चौथ्या मजल्यावर. त्याने खाली पाहिलं नाही. पाय चपलांत गेले आणि तो जिन्यावर होता.

शेजाऱ्यांनी तोवर घड्याळजींच्या दारावर बादल्या रिकाम्या केल्या होत्या. पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं. वळणावर उजवा पाय सरकला, सगळा भार चवड्यावर आला आणि टाचेमागे काहीतरी दोरखंडासारखं तुटलं. तो दारापासून पाच पायऱ्या वर बसला. उठायला गेला तर पाऊल लोंबत होतं.

"दार उघडू का?" खालच्या बाईचा नवरा विचारत होता.

"हात लाव. गरम आहे?"

"आहे."

"मग उघडू नकोस. भडका उडेल. ओल्या चादरी दाराखालच्या फटीत सारा आणि सगळे मागे या." हे नियमाप्रमाणे बरोबर होतं. अंगावर सरंजाम नसलेल्या माणसाला तो दुसरं काही सांगूच शकत नव्हता. स्वतः मात्र तो जमिनीलगत सरपटत आत गेला असता.

बंब यायला अकरा मिनिटं लागली. त्याच्याच केंद्राचा, त्याचीच माणसं. ती त्याला ओलांडून गेली. घड्याळजी आतल्या खोलीत सापडले. संध्याकाळी रुग्णालयात त्यांचा जीव गेला.

दुसऱ्या दिवशी केंद्रप्रमुख अहवालाचा कागद घेऊन शिडीच्या पलंगाशी बसला. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"पायात काय होतं लिहू?"

"घरच्या चपला."

त्याने लिहिलं. मग शिडीने विचारलं, "आतून कडी होती का?"

केंद्रप्रमुखाने पेनाचं टोपण लावलं. "तुला कशाला हवंय?"

"होती का?"

"नाही. नुसतं लोटलेलं होतं."

मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, "मी त्या आणायलाच नको होत्या."

"चपलेची काय चूक?" शिडी म्हणाला. "तिनं तिचं काम केलं." मुलगी आत निघून गेली. तिची समजूत घालायला तो उठू शकत नव्हता.

परीक्षेच्या दिवशी त्याच्या नावापुढे गैरहजर असा शेरा पडला. पाच महिन्यांनी तो काठी टेकत कंट्रोल रूममध्ये रुजू झाला. टेबल खरंच ठेंगणं होतं, पाय आडवे काढून बसावं लागे. पहिल्या संध्याकाळी बायकोने पाणी पुढे केलं आणि विचारलं, "कसं गेलं?"

"अकरा फोन आले," तो म्हणाला. "नऊ तर उगाचच. एकाचं मांजर झाडावर, एकाची किल्ली घरात राहिलेली."

"आणि बाकीचे दोन?"

पाणी पिऊन त्याने पेला खाली ठेवला आणि उद्या सकाळचीच पाळी आहे, लवकर उठव, असं सांगितलं.